किडनी दिनाच्या रॅलीने गावात काही फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय : शिरपूर तालुक्यातल्या तुमच्या एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) युनिटला मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, जागतिक किडनी दिनाला, गावात रॅली काढायची आहे. तिचा खरंच उपयोग होतो का, आणि किडनीवर चाललेलं संशोधन गावकऱ्यांना सांगावं का?

बीएस्सी करताना मी एनएसएसमध्ये होते, नंतर डीएमएलटी हा लॅब तंत्रज्ञाचा डिप्लोमा केला आणि आता तालुक्याच्या गावी लॅबमध्ये काम करते. रॅली काढा, पण ती संध्याकाळी काढा. सकाळी दहाला गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं असतात, ज्यांना सांगायचं ते शेतात असतात. आणि रॅली संपते त्या पारावर बीपीचं मशीन आणि लघवी तपासायच्या पट्ट्या घेऊन बसा. हे नसेल तर नुसत्या घोषणांचा फार उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण या आजाराचा स्वभावच तसा आहे. पोस्टरवर आपण लिहितो : पायाला सूज, दम लागणं, जेवण नकोसं होणं. ही लक्षणं दिसेपर्यंत किडनीचं बरंचसं काम थांबलेलं असतं. किडनी जो कचरा गाळून बाहेर टाकते, त्यातलं रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा लवकर वाढत नाही, निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्यावरच ते ठळकपणे वर जातं. लघवीतून प्रथिन जायला मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होऊ शकते. म्हणून लोकांना लक्षणं पाठ करायला लावू नका. ज्यांना शुगर आहे, बीपी आहे, घरात कुणाला किडनीचा आजार झालाय, त्यांनी काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रथिनच) आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं, एवढं एकच वाक्य प्रत्येकाच्या कानावर घाला. पट्टीवर प्रथिन दिसलं म्हणजे किडनी गेली, असं कुणालाही सांगू नका. ताप, जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही ते दिसतं. बिघाड तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकला तरच डॉक्टर त्याला जुनाट आजार म्हणतात.

आता आपल्या भागाचं. खान्देशात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती अंगदुखीच्या गोळ्यांची. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि त्याच उन्हात केळीचे घड वाहणारा, वीटभट्टीवर राबणारा माणूस संध्याकाळी किराणा दुकानातून गोळी घेऊन झोपतो. घामाने शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीकडे जाणारं रक्तही कमी होतं. अशा वेळी शरीर काही रसायनं सोडून किडनीच्या रक्तवाहिन्या रुंद ठेवतं आणि तिला सांभाळतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या नेमकी तीच रसायनं अडवतात. एखाद्या दिवसाची गोळी निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. रोजची, तीही उन्हातून तहानलेला आल्यावर, बाधू शकते. हे सांगताना प्रमाण मराठीचा आग्रह सोडा, अहिराणीत बोला. ‘अंगदुखीन्या गोया कितला दिनपासून लेतस?’ असं विचारलं की आजी पदराची गाठ सोडून गोळ्यांची पट्टीच समोर ठेवतात.

मिठाचंही बोला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आपल्याकडे पापड, लोणचं, ठेचा, शेव रोजच्या ताटात असतात आणि पापडखारातूनही सोडियम जातंच. मात्र ‘भरपूर पाणी प्या’ हा फलक सरसकट लावू नका. शेतमजुराला तो बरोबर आहे, डायलिसिसवरच्या माणसाला घातक ठरू शकतो. केळीचंही तसंच : किडनी बरीच खराब झालेल्यांना त्यातलं पोटॅशियम झेपत नाही. केळीच्या रावेर-यावल पट्ट्यात हे आवर्जून सांगावं लागतं. ‘कमी सोडियमचं मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियमच असतं, तेही अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

संशोधनाबद्दल जरूर बोला, लोकांना त्यात रस असतो. ‘ना शुगर ना बीपी, मग याची किडनी कशी गेली?’ हा प्रश्न गावात येतोच. आंध्रातल्या उद्दानम भागात, श्रीलंकेत, मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत असेच रुग्ण मोठ्या संख्येने सापडले आहेत. ऊन, निर्जलीकरण, कीटकनाशकं, पाण्यातले घटक अशा अनेक शक्यता तपासल्या जात आहेत, पण एकच कारण अजून सिद्ध झालेलं नाही. हे जसंच्या तसं सांगा. फवारणीवर सगळा दोष टाकून मोकळं होऊ नका. धीर देणारी बातमीही आहे. डापाग्लिफ्लोझिन हे मुळात शुगरचं औषध, पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत शुगर नसलेल्या किडनी रुग्णांचाही आजार त्याने मंदावला. ते आता भारतात जेनेरिक मिळतं. लवकर निदान झालं तर काहीतरी करता येतं, हे लोकांना पटायला याचा फार उपयोग होतो. औषधाचं नाव मात्र चिठ्ठीवर लिहून देऊ नका, तो निर्णय डॉक्टरांचा.

तुमच्यातलं कुणी धडगाव-अक्कलकुव्याकडचं असेल तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा विषय घ्याच. या आजारात किडनीची लघवी घट्ट करायची ताकद लहानपणापासून कमी होते, त्यामुळे ही मुलं रात्री वारंवार उठतात आणि त्यांना पाणी लवकर कमी पडतं. पुढे लघवीतून प्रथिनही जाऊ लागतं. पाड्यावर भिल्ली-पावरी बोलणारा तुमचाच वर्गमित्र बोलला तर बाहेरच्या कोणत्याही वक्त्यापेक्षा ते जास्त पोचेल.

एक काम मात्र शिस्तीत करा. नावं, आकडे गोळा करून प्रोजेक्ट म्हणून छापायचा विचार असेल तर आधी नैतिकता समितीची मंजुरी आणि प्रत्येकाची संमती लागते. आणि कुणाची पट्टी कशी आली हे पारावर मोठ्याने बोलू नका. लग्नाच्या मुलीचं नाव एकदा गावात झालं की ते पुसता येत नाही.

तारीख ठरवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना भेटा. तिशीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी त्यांच्याकडे चालूच असते, तुमच्या पट्टीत सापडलेली माणसं त्यांच्या वहीत गेली पाहिजेत. क्रिएटिनिन कुठे मोफत होतं आणि जिल्हा रुग्णालयात डायलिसिससाठी कोणती कागदपत्रं लागतात हे विचारून एका कागदावर छापून घ्या. मग जूनमध्ये, पेरणीची घाई सुरू होण्याआधी, त्याच घरांत पुन्हा जा आणि दुसरी तपासणी झाली का ते विचारा.