फोंड्यातला घरचा पीसी सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, शटडाऊनलाही अडकतो. काय करू?

आधी कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की शटडाऊन पुरतं होतच नाही. विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच साठवला जातो आणि कालची अडचण आज पुन्हा उभी राहते. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअप यादीतली नको ती सॉफ्टवेअर डिसेबल करा. अँटिव्हायरस राहू द्या.

जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर खरा इलाज एसएसडीच, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. त्याआधी फोटो, कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या, हे कृपा करून टाळू नका.

आणि आपला गोव्याचा पाऊस! गेल्या आषाढात माझा पीसी सुरूच होईना. प्लग काढून रॅम (मेमरीचं छोटं कार्ड) बाहेर घेतली, तर दमटपणानं तिच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. खोडरबरानं हलकेच पुसल्या, पहिल्याच बटणाला चालू झाला.