चिकलठाण्याहून (छत्रपती संभाजीनगर विमानतळ) दिल्लीचं कन्फर्म तिकीट असूनही 'विमान फुल झालं' म्हणून बसू दिलं नाही. भरपाई मिळते का?

हो, मिळते, आणि ती हक्कानं मागा. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नियमानुसार (सेक्शन 3, सिरीज एम, भाग 4) कंपनीनं मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. 24 तासांच्या आतलं दिलं तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन शुल्क यांच्या बेरजेच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल 20,000. दुसरं विमान नकोच असेल तर तिकिटाचे पूर्ण पैसे परत आणि वर हीच चौपट भरपाई. आपल्याकडून विमानं मोजकीच, त्यामुळे पुढचं बहुतेक दुसऱ्या दिवशीचंच हाती ठेवतात. तेव्हा हे आकडे काउंटरवरच सांगा. मात्र चेक-इनला तुम्हीच उशिरा पोचला असाल तर यातलं काही लागू नाही. 'बोर्डिंग नाकारलं' असं लेखी घ्या. दाद दिली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका.