घरच्या गॅरेजची कार लिफ्ट बीमला अडते, डीलर पैसे परत देत नाही

प्रश्न : नाशिकला आमचा स्वतःचा बंगला आहे. गॅरेजमध्ये एकावर एक दोन गाड्या ठेवता याव्यात म्हणून दोन खांबांची हायड्रॉलिक पार्किंग लिफ्ट घेतली. डीलरचा माणूस घरी येऊन टेपने मापं घेऊन गेला. दोन्ही गाड्यांची मॉडेल्स मी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवली, त्यावर 'आरामात बसतील सर' असं उत्तर आलं. 3 लाख 40 हजारांपैकी 3 लाख दिले. लिफ्ट बसल्यावर कळलं की वरची एसयूव्ही बीमला लागते आणि खाली सेडान जाईल इतका प्लॅटफॉर्म उचलताच येत नाही. डीलर म्हणतो, मशीन उत्तम चालतंय, दोष दाखवा. कोटेशनवर 'ऑर्डर दिल्यावर पैसे परत मिळणार नाहीत' असं छापलेलं आहे. आता फरशी फूटभर खणून देतो म्हणतो आणि हॅन्डओव्हरच्या कागदावर सही मागतो. सध्या प्लॅटफॉर्म खाली ठेवून त्यावरच एसयूव्ही उभी करतो. बिल माझ्या फर्मच्या नावावर आहे. गाड्यांची आणि बीमची मापं सोबत पाठवली आहेत. काय करावं?

उत्तर : सर्वांत आधी, फरशी खणू देऊ नका आणि त्या कागदावर सही करू नका. करावीच लागली तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : 'बीमची उंची कमी पडत असल्याने लिफ्ट वापरता येत नाही, हरकत कायम.' गॅरेज आज आहे तसंच राहणं हा तुमचा पुरावा आहे. शिवाय खांबांचे अँकर बोल्ट ज्या काँक्रीटमध्ये रोवलेत, ते खणून पुन्हा भरायचं ठरलं तर स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हात लावू नये. बीम छाटण्याचा विषय कोणी काढला तर तिथेच थांबवा.

तुम्ही पाठवलेली मापं मी मांडून पाहिली. सेडान 4 फूट 10 इंच, एसयूव्ही 5 फूट 11 इंच, बेरीज 10 फूट 9 इंच. बीमचा तळ 10 फूट 4 इंचांवर. म्हणजे प्लॅटफॉर्मची जाडी शून्य धरली तरी पाच इंच कमीच पडतात. गाड्यांची अदलाबदल करूनही काही साधत नाही. टेप घेऊन आलेल्या माणसाला हे कागदावर दोन मिनिटांत दिसायला हवं होतं.

म्हणून मशीनमध्ये बिघाड शोधण्याच्या फंदात तुम्ही पडू नका. डीलरला तेच हवं आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये 'दोष' म्हणजे फक्त बिघाड नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दावा केला, त्याच्या मानाने वस्तू उणी पडली तर तोही दोषच, असं कलम 2(10) म्हणतं. 'आरामात बसतील' हा दावाच आहे. घरी येऊन मापं घेणं ही सेवा, आणि ती चुकीची दिली ही सेवेतील त्रुटी. शिवाय 1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 16 तुमच्या बाजूने आहे : वस्तू कशासाठी हवी ते सांगून तुम्ही जाणकार विक्रेत्यावर विसंबलात, तर ती त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही अट करारात न लिहिताही येते. डीलर म्हणेल, तुम्ही अमुक ब्रँडचं अमुक मॉडेल मागितलंत. मॉडेल त्यानेच सुचवलं हे दाखवणारा मेसेज असेल तर तो जपा.

व्हॉट्सअ‍ॅपचं ते संभाषण डिलीट करू नका, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र त्याच्या प्रिंटला जोडावं लागेल. एखाद्या चार्टर्ड इंजिनीअरला बोलावून मापांचा अहवाल फोटोंसह घ्या आणि त्याचं प्रतिज्ञापत्रही करून घ्या.

दुसरी घाई वापराची. तुम्ही लिहिता की सध्या प्लॅटफॉर्म खाली ठेवून त्यावरच एसयूव्ही उभी करता. ती आजच बाहेर काढा. नाकारतो हे न कळवता वस्तू वाजवी काळापेक्षा जास्त ठेवून घेतली, तर ती स्वीकारली असं माल विक्री कायद्याचं कलम 42 धरतं. मग वस्तू परत करण्याचा हक्क जाऊन त्या कायद्याखाली नुकसानभरपाईच उरते. तेव्हा या आठवड्यातच 'लिफ्ट नाकारत आहे, घेऊन जा' अशी नोटीस ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवा. लिफ्ट सुटी करून गोडाऊनला पोचवा असं डीलर म्हणाला तर ती जबाबदारी तुमची नाही. कलम 43 नुसार नाकारल्याचं कळवणं पुरे. उरलेले 40 हजार का देत नाही, हेही त्याच नोटिशीत लिहा. आणि प्लॅटफॉर्म मध्येच अडकवून त्याखाली कोणालाही जाऊ देऊ नका. मेकॅनिकल लॉकच्या खाचेत बसला नसेल तर तो नुसत्या तेलाच्या दाबावर उभा असतो.

'पैसे परत नाही' या छापील ओळीला फार घाबरू नका. दोषयुक्त माल परत न घेणं आणि बिलातल्या मुदतीत, मुदत नसेल तर 30 दिवसांत, पैसे न देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. मात्र तक्रारीत 'अनुचित करार', म्हणजे कराराच्या अटीच ग्राहकावर अन्याय करणाऱ्या आहेत, म्हणून दाद मागू नका. तो विषय जिल्हा ग्राहक आयोगाच्या कक्षेत येत नाही, राज्य आयोगाकडे जातो, आणि डीलर त्याच मुद्द्यावर तुम्हाला वर्षभर अडकवेल.

मला खरी काळजी आहे ती बिलाची. फर्मच्या नावावर बिल म्हटल्यावर 'हा ग्राहकच नाही, व्यापारी हेतूने घेतलं' असा बचाव पहिल्याच तारखेला येणार. सर्वोच्च न्यायालयाने लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या 2019 च्या निकालात सांगितलं आहे की खरेदीचा मुख्य हेतू नफा मिळवण्याशी जोडलेला होता का, हे पाहायचं. घरच्या गॅरेजमध्ये घरच्या गाड्या, हे तुम्ही दाखवू शकता. पण त्या बिलावर जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची फर्मला मिळणारी वजावट) घेतलं असेल तर तुमचाच कागद तुमच्या विरुद्ध बोलेल. खासगी वापराच्या वस्तूवर ते क्रेडिट मुळात मिळतच नाही. आजच सीएंना विचारा, घेतलं असेल तर कायद्याप्रमाणे परत करा, आणि तक्रारीत ही गोष्ट स्वतःहून सांगा. गाड्यांची आरसी कोणाच्या नावावर आहे तेही पाहून ठेवा. फर्मच्या नावावर असतील तर ग्राहक आयोगाचा रस्ता कठीण. मग दिवाणी दावा करणं मला अधिक सुरक्षित वाटतं, त्याला तीन वर्षांची मुदत आहे.

आयोगाचा रस्ता मोकळा असेल तर नोटिशीनंतर 15 दिवस वाट पाहून नाशिकच्या जिल्हा आयोगात जा. दुकान दुसऱ्या शहरात असलं तरी चालतं, तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते. मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने फी नाही, मुदत दोन वर्षं. मागणीत 3 लाख व्याजासह, बोल्टची भोकं बुजवून फरशी पूर्ववत करण्याचा खर्च, इंजिनीअरची फी, मनस्तापाची भरपाई आणि डीलरने स्वखर्चाने लिफ्ट काढून न्यावी असा आदेश, हे सगळं सुरुवातीलाच लिहा. मध्येच तो तडजोडीला आला आणि बसवणुकीचे थोडे पैसे कापून बाकीचे देतो म्हणाला, तर माझ्या मते घ्या. फक्त पैसे खात्यात जमा झाल्यावरच लिफ्टला हात लावू द्या.