हात जमा करताना

पुणे

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कादंबरीची पाच प्रकरणं वाचली. सुभेदार मला फार आवडला. युद्धात दोन्ही हात कोपरापासून गेले, सैन्याने यांत्रिक हात बसवले, आणि आता ते आपले की सरकारचे हेच त्याला कळत नाही. एवढ्या बीजावर अख्खी कादंबरी उभी राहील. पण हिंजवडीवरचा काळा पाऊस, जांभळे दिवे आणि उडत्या गाड्या यांत तुझी तीन प्रकरणं खर्ची पडली आहेत. तो अंधार उसना आहे. पुण्याकडे स्वतःचा आहे.

खडकीची दारूगोळा फॅक्टरी १८६९ सालची. वानवडीचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, दुसरं महायुद्ध चालू असतानाचं. म्हणजे एकाच शहरात तोफगोळेही होतात आणि पायही. दोन्हीकडे कामाला जाणारी माणसं शेजारी राहत असतील, एकमेकांच्या घरी गणपतीला जात असतील. सुभेदाराचा सख्खा भाऊ फॅक्टरीत असला तर? विचार करून बघ.

आता हातांबद्दल. तुझ्या कादंबरीत ते कधीच बिघडत नाहीत, त्यामुळे खरे वाटत नाहीत. मायोइलेक्ट्रिक हात स्नायूंतल्या अगदी क्षीण विजेवर चालतो. उरलेल्या दंडावर घट्ट सॉकेट, म्हणजे साच्यासारखी खोबण, बसतं, त्यात कातडीला टेकलेले इलेक्ट्रोड असतात; स्नायू आवळला की इशारा जातो आणि बोटं मिटतात. घाम आला किंवा वजन उतरून सॉकेट ढिलं झालं, की इशारा चुकतो. बॅटरी चार्ज करावी लागते ती वेगळीच. आपल्याकडे दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते. त्या गुरुवारी सुभेदाराच्या शर्टाची बटणं कोण लावतं, ते लिही.

शिवाय गेलेला हात पुरता जात नाही. अमेरिकी यादवी युद्धातल्या जखमींवर उपचार केलेल्या सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने १८७१ मध्ये या अनुभवाला 'फँटम लिंब', म्हणजे भासमान अवयव, म्हटलं. नसलेल्या बोटांना खाज सुटते. नसलेली मूठ अशी आवळली जाते की नखं तळव्यात रुतल्यासारखी वाटतात. म्हणजे सुभेदाराला चार हात आहेत: दोन दिसतात पण जाणवत नाहीत, दोन जाणवतात पण दिसत नाहीत. माणूस कुठे संपतो आणि यंत्र कुठे सुरू होतं, हा तुझा प्रश्न इथे आपोआप येतो. तिसऱ्या प्रकरणातलं शास्त्रज्ञाचं भाषण काढून टाक.

ओळखीसाठीही तुला दूरच्या भविष्यात जायला नको. आधार क्रमांकांचं वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत सुरू झालं. कष्टाने ज्यांचे ठसे झिजले, त्यांना रेशन दुकानातलं मशीन ओळखत नाही. सुभेदाराला तर ठसेच नाहीत. त्याच्या हातांवर सीरियल नंबर आहेत, तेही सैन्याच्या नावावर. पेन्शनच्या खिडकीवर मशीन हातांना ओळखेल, त्याला नाही.

पाचव्या प्रकरणात एक वाक्य आहे: 'निवृत्तीच्या दिवशी त्याने सगळं सामान परत केलं.' खरी कादंबरी तिथे आहे, आणि तू ती एका ओळीत उरकलीस! जवान निघताना किट, म्हणजे सैन्याने दिलेलं सामान, स्टोअरमध्ये जमा करतो. हे हात किटमध्ये धरायचे की शरीरात? स्टोअरच्या हवालदाराला खलनायक करू नकोस. तोही नियमाने बांधलेला, कदाचित याच सुभेदाराच्या हाताखाली तयार झालेला. तो खाली मान घालून रजिस्टर पुढे सरकवतो. 'जमा केले' या रकान्यात सही करायची ती त्याच हातांनी. सही झाल्यावर हात काढायचे कुणी? आणि बाहेर बायको रिक्षा थांबवून उभी आहे, तिला याची कल्पना आहे का?

हे प्रकरण आधी लिही, बाकीचं मागून. त्याआधी रीतसर परवानगी मिळाली तर सॉकेट बसवणाऱ्या कारागिरांशी बोल. एखादा जवान भेटला तर त्याला युद्धाचं, दुःखाचं विचारू नकोस. सकाळी तयार व्हायला किती वेळ लागतो, एवढंच विचार आणि ऐकत राहा.

शत्रूच्या बाजूला तू नुसते ड्रोन ठेवलेस, एकही माणूस नाही, हे मला खटकतं आहे. त्यावर समोरासमोर बोलू. शनिवारी संध्याकाळी मी घरीच आहे.

तुझे
सर