सगळ्यात कमी फेरे किती, ते आधी पाहा

प्रश्न : मी प्लास्टिकच्या किटमधून विमानं आणि रणगाडे बनवतो. अधूनमधून रेझिनचे सुटे भाग आणि पितळी तारही वापरतो. आजवर कटर, कानस आणि पॉलिश पेपरवर भागलं. आता रोटरी टूल, म्हणजे टोकाला बसवलेलं बिट गरागरा फिरवून कापणारं-घासणारं छोटं यंत्र, घ्यायचं म्हणतोय. एकावर मिनिटाला ३५,००० फेरे लिहिलेत आणि सोबत दोनशेच्या वर अ‍ॅक्सेसरीज आहेत. दुसरं पेनासारखं बारीक, चार्जिंगचं आहे. कुठलं घेऊ? मित्राच्या टूलने पंखाची कड घासून पाहिली, तर प्लास्टिक वितळून बिटलाच चिकटलं. असं का झालं?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, म्हणजे पहिल्याचं उत्तर आपोआप मिळेल. किटचं प्लास्टिक बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन असतं आणि ते साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं. वीस-पंचवीस हजार फेऱ्यांवर बिट टेकवलंत की तेवढी उष्णता तयार व्हायला वेळ लागत नाही. भुकटी पडायच्या ऐवजी लगदा होतो, तो बिटच्या दात्यांत जाऊन बसतो आणि तिथेच घट्ट होतो. मग बिट कापत नाही, नुसतं घासतं आणि आणखी तापतं. मित्राचं टूल बिचारं चांगलंच असेल.

म्हणून खोक्यावरचा तो ३५,००० चा आकडा विसरा. आपल्या छंदात त्याचा उपयोग क्वचित. सगळ्यात कमी फेरे किती, हे विचारा. ५,००० किंवा त्याखाली जात असेल तर पुढे बोलू. १०,००० च्या खाली येतच नसेल, तर प्लास्टिकसाठी मी ते घेणार नाही.

बिटचा व्यासही इथे हिशेबात धरावा लागतो. १०,००० फेऱ्यांवर २ मिलिमीटरच्या बरची (बारीक दात्यांच्या बिटची) कड सेकंदाला जेमतेम एक मीटर धावते. त्याच फेऱ्यांवर २२ मिलिमीटरच्या चकतीची कड साडेअकरा मीटर. तेव्हा चकती जितकी मोठी, तितके फेरे कमी ठेवा.

आता यातली मेख. कमी फेऱ्यांवर फिरणं वेगळं आणि कमी फेऱ्यांवर ताकद टिकणं वेगळं. कित्येक टूल्स मोकळी असताना छान गुणगुणतात आणि बिट टेकवलं की मान टाकतात. घेण्याआधी स्प्रूचा (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिचा) एखादा जाड तुकडा खिशात घेऊन जा, सगळ्यात खालच्या वेगावर बिट हलकेच टेकवा आणि कान द्या. आवाज जरासा खाली येऊन सावरला तर ठीक. घरघरून थांबलं तर नमस्कार करून परत द्या.

दुसरी परीक्षा डगडगीची. कोलेटमध्ये, म्हणजे बिटची दांडी घट्ट पकडणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीत, १ मिलिमीटरचं नवं ड्रिल बसवा, मागे पांढरा कागद धरा आणि टूल मंद वेगात सुरू करा. ड्रिलचं टोक एका जागी ठिपक्यासारखं दिसायला हवं. पुसट, जाड किंवा दुहेरी दिसलं तर भोक मोठं पडणार, नाहीतर ड्रिल मोडणार. तीन जबड्यांनी बिट पकडणारा चक सोयीचा खरा, पण बारीक कामाला मी कोलेटच पसंत करतो. ३.२ आणि २.३५ मिलिमीटर दांडीचे कोलेट मिळतात ना, तेवढं बघून घ्या.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. टूल पेनासारखं धरा आणि तर्जनी कुठे येते ते पाहा. काही टूल्समध्ये ती नेमकी, बिट बदलताना शाफ्ट (फिरणारी दांडी) अडवायच्या बटणावर येते. चालू असताना ते दाबलं गेलं की आतल्या भागांचं नुकसान.

तुमच्या कामाला पेनासारखं चार्जिंगचं टूल पुरेल, वरच्या परीक्षांत उतरलं तर. वजन कमी असल्यामुळे हात थरथरत नाही. पितळ घासताना मात्र ते दमतं. वायर चालत असेल तर वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरची १२ व्होल्टची टूल्सही पाहा. प्रॉक्सॉनचं मायक्रोमॉट ५०/ई ५,००० ते २०,००० फेऱ्यांत चालतं, आणि आपल्याला याहून जास्त काय हवं? पुढे लाकडी जहाजांकडे किंवा धातूकडे वळायचा बेत असेल तरच मोठं टूल घ्या. ते टांगून ठेवा आणि काम फ्लेक्सिबल शाफ्टच्या (टूलला जोडायच्या लवचिक, फिरत्या दांडीच्या) हँडलने करा. मोठं टूल तासभर बोटांत धरून बारीक काम होत नाही.

दोनशे अ‍ॅक्सेसरीजचं म्हणाल तर त्यात निम्म्याहून जास्त चकत्या आणि पेपरची नळकांडी असतात. एक गोल बर, एक सरळ बर, दोन-तीन डायमंड बिट्स आणि मोजकी ड्रिल्स सुटी घ्या.

कामाची पद्धत : टेकवा, उचला, टेकवा, उचला. रेघेच्या अर्धा मिलिमीटर आधी थांबा आणि उरलेलं कानशीने काढा. पंखाच्या जोडावर हे टूल लावूच नका. तिथे पॉलिश पेपरला पर्याय नाही. १ मिलिमीटरच्या आतली भोकं पिन व्हाइसने, म्हणजे बोटांनी फिरवायच्या ड्रिलच्या मुठीने, पाडा. रेझिनची धूळ फार बारीक असते, मास्क हवाच. जमेल तिथे ओल्या पेपरने घासा. पातळ कटिंग डिस्क जरा तिरकी झाली की फुटते आणि तुकडे तोंडाकडे येतात. गॉगल नसेल तर डिस्क लावू नका, बस.

प्रश्न : ओळखीच्या दंतवैद्यांकडे वापरून बाजूला ठेवलेले बर मिळतात. चालतील का?

उत्तर : झकास चालतील. दाताला बोथट झालेला बर प्लास्टिकला पुष्कळ धारदार असतो. निर्जंतुक करूनच द्यायला सांगा. लांब सरळ दांडीचे, २.३५ मिलिमीटरचे मागा. आखूड दांडीच्या टोकाला खाच असलेलेही बसतात, पण कोलेट कामाच्या अगदी जवळ येतो आणि काम दिसत नाही. अगदी बारीक, १.६ मिलिमीटर दांडीचे असतील तर आधी तेवढा कोलेट आहे का ते तपासा.