पाड्यावरची नेत्रतपासणी : आशाताईंच्या प्रशिक्षणाविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मी शहापूर तालुक्यात गटप्रवर्तक आहे. एकाच पाड्यावर दोन आशाताईंनी तपासलं. एकीला कमी दिसणारे चारच सापडले, दुसरीला अकरा. चूक कुणाची?

आधी दोघींच्या तक्त्यांवर पट्टी धरा. मोबाइलवर आलेली फाइल कागदात बसवून छापली की अक्षरं आक्रसतात. ६/१८ च्या ओळीतला (चांगल्या नजरेला अठरा मीटरवरून दिसणारी ही ओळ सहा मीटरवरून वाचायला लावतात) इंग्रजी 'ई' (E) २६ मिलिमीटर उंच हवा. तो लहान झाला तर चांगली नजरही नापास होते. अकराचा आकडा बहुधा तिथून आला असेल. उलट, पावलं मोजून सहाऐवजी चार मीटरवर उभं केलं, तर ती ओळ वाचणाऱ्याची नजर प्रत्यक्षात ६/२७ असते आणि तो पास होऊन घरी जातो. म्हणून सहा मीटरची, ताणली न जाणारी दोरी प्रत्येकीच्या पिशवीत हवीच.

डोळा तळव्याने झाकायचा, पण दाबायचा नाही. बोटांच्या फटीतून माणसं सर्रास बघतात. चष्मा असेल तर तो लावूनच तपासा. पाचपैकी चार 'ई'ची दिशा बरोबर दाखवली तर ओळ पास. नापास झालेल्याला पिनहोलमधून, म्हणजे बारीक भोक पाडलेल्या झाकणीतून, पुन्हा वाचायला लावा. दिसलं तर बहुधा चष्म्याचा प्रश्न. नाही दिसलं तर मोतीबिंदू किंवा आणखी काही, त्याला नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडे आधी पाठवा.

प्रश्न : मुरबाडकडे भातकापणीत डोळ्याला पात लागते. लोक मेडिकलमधून थेंब आणतात. आशाताईंनी काय करावं?

पहिलं काम, बाटली मागून घ्या. नावात 'डेक्सा', 'बीटा' किंवा 'प्रेड' दिसलं तर बहुधा स्टेरॉइड. थेंब थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. स्टेरॉइडने लाली उतरते, दुखणंही कमी होतं, आणि आत बुरशी बुबुळ पोखरत राहते. पातीच्या जखमेत बुरशीचीच धास्ती असते, त्यामुळे प्रशिक्षणातला एक तास निव्वळ लेबलं वाचण्यात घालवला तरी तो वाया जात नाही.

फ्लुरोसिनची (डोळ्यात रंग सोडणारी) कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं की ओरखडा हिरवा चमकतो. ताजा ओरखडा असेल तर १ टक्का क्लोरॅम्फेनिकॉल मलम, दिवसातून तीनदा, तीन दिवस. नेपाळमधल्या भक्तपूरला गावातल्या कार्यकर्त्यांनी हेच वापरलं होतं. अर्थात, मलम किटमध्ये ठेवायला वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. बुबुळावर पांढरा ठिपका दिसला की मलमाची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय.

प्रश्न : ऐरोलीतलं आमचं मंडळ पाड्यांवर चाळिशी वाटणार आहे. वयावरून नंबर दिला तर चालेल?

अंदाजाला चालेल (चाळिशीला +१, पन्नाशीला +२), पण आधी दोन्ही डोळ्यांची लांबची नजर वेगवेगळी तपासा. नाहीतर मोतीबिंदू चाळिशीखाली झाकला जातो.

प्रश्न : कळव्यात शेजारच्या मुलाच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली. अशा वेळी काय?

आधी नळ, रिक्षा नंतर. अर्धा तास वाहतं पाणी, तेही पापणी उलटून. चुन्याचे कण वरच्या पापणीखाली दडतात आणि जाळत राहतात. ओल्या कापसाच्या काडीने ते टिपा. लिंबू, व्हिनेगर, दूध, तेल काहीही नको. पापणी उलटणं वाचून येत नाही, आशाताईंनी प्रशिक्षणात एकमेकींवर दहा-दहा वेळा तरी करून पाहावं.