न दुखणारी कावीळ

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. दीड महिन्यापासून त्यांना कावीळ आहे, पण पोटात अजिबात दुखत नाही. गावात काविळीची माळ घातली, तीन आठवडे पथ्य पाळले. माळ बेंबीपर्यंत आली तरी कावीळ वाढतच गेली. रात्ररात्र ते अंग खाजवत बसतात. सोनोग्राफीत यकृतातील पित्तनलिका फुगलेल्या दिसल्या, खडा दिसला नाही. रक्तात बिलिरुबिन (काविळीचे पिवळे द्रव्य) १४ आणि सीए १९-९ (कॅन्सरची शंका आल्यावर तपासला जाणारा रक्तातील घटक) ४८० आले. एक डॉक्टर उद्याच स्टेंट (पित्ताची वाट मोकळी ठेवणारी नळी) टाकू म्हणतात, दुसरे आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करा म्हणतात. हा कॅन्सरच आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पित्तनलिकेच्या कॅन्सरची शंका घ्यायला येथे पुरेशी जागा आहे, परंतु एवढ्या कागदांवरून निदान करता येणार नाही. पोट न दुखता वाढत जाणारी कावीळ, असह्य खाज, गडद लघवी आणि पांढुरकी शौच ही पित्ताची वाट अडल्याची खूण असते. ही वाट स्वादुपिंडाच्या किंवा पित्ताशयाच्या गाठीनेही अडते. क्वचित नलिकेची सूज असते आणि ती स्टेरॉइडने उतरते. माळेतील काड्या वाळून आक्रसल्या की दोऱ्याचे वेढे सैल पडतात, म्हणून माळ लांबते. विषाणूजन्य कावीळ बहुधा आपोआप उतरते आणि श्रेय माळेला मिळते. अडलेली वाट मात्र आपोआप उघडत नाही. गेलेल्या आठवड्यांबद्दल कोणालाही दोष देऊ नका, पण आता थांबू नका.

सीए १९-९ च्या आकड्याने घाबरून जाऊ नये. पित्त तुंबले की कॅन्सर नसतानाही तो चढतो, म्हणून कावीळ उतरल्यावर तो पुन्हा तपासावा लागतो. उलट काही माणसांच्या शरीरात हा घटक जन्मतःच तयार होत नाही, त्यामुळे आकडा कमी आला म्हणजे धोका टळला असेही नव्हे.

तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे मला पटते. स्टेंट पडला की फुगलेल्या नलिका मिटतात, आजूबाजूला सूज येते आणि गाठ नेमकी कुठवर पसरली आहे हे चित्रात धूसर होते. शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही, हा सगळा निर्णय तर त्याच चित्रावर अवलंबून असतो. म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढलेला सीटी स्कॅन) आणि एमआरसीपी आधी करून घ्यावे, ते चित्र यकृत-पित्तमार्गाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनना दाखवावे आणि मगच स्टेंटचे ठरवावे. ईआरसीपीत (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत पोहोचतात त्या तपासणीत) ब्रशने घेतलेल्या नमुन्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, तरी सुटलो असे समजू नका. ही गाठ तंतुमय असते आणि ब्रशला पेशी थोड्याच लागतात. त्यामुळेच चित्र ठळक असेल तेव्हा बायोप्सीशिवायही ऑपरेशन सुचवले जाते, आणि त्यात घाई किंवा लबाडी नसते.

गाठ नलिकेच्या खालच्या भागात असेल तर व्हिपल शस्त्रक्रिया (नलिकेबरोबर स्वादुपिंडाचे डोके आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढणे) होते. यकृताच्या तोंडाशी असेल तर नलिकेबरोबर यकृताचा मोठा भाग काढावा लागतो आणि उरणारा भाग पुरेसा आहे ना, हे आधी मोजले जाते. त्यानंतर साधारण सहा महिने कॅपेसिटाबीन या केमोथेरपीच्या गोळ्या देतात. शस्त्रक्रिया शक्य नसेल तर धातूचा स्टेंट, जेमसिटाबीन व सिस्प्लॅटिन ही केमोथेरपी, आणि परवडत असल्यास त्यांच्या जोडीला इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणारे औषध), असा मार्ग असतो. आयुष्य वाढवणारा आणि खाज थांबवून झोप मिळवून देणारा हा उपचार ‘आता काही उरले नाही’ म्हणून नाकारू नये. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत चौकशी करा; परळच्या टाटा मेमोरियलमध्ये दुसरे मतही घेता येईल.

तपासण्यांची वाट पाहत असताना थंडी वाजून ताप आला तर मात्र वरचा सगळा क्रम बाजूला ठेवा. तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाल्याची ती खूण असते. त्याच रात्री रुग्णालयात न्या, कारण तेव्हा पित्त तातडीने मोकळे करणे हाच पहिला उपचार असतो.